सोवळ्यातला नोड

माझ्या पिढीच्या जावावाल्यांना एक्सएमएलची भीती वाटत नाही. आम्ही त्यातच वाढलो. उघडलेला टॅग बंद झाल्याशिवाय आम्हाला जेवण गोड लागत नाही. मेव्हनची पॉम फाइल वाढत वाढत बाराशे ओळींवर गेली तरी आम्ही तिला 'भरलेली' म्हणतो, लठ्ठ म्हणत नाही. तिच्यातल्या कुठल्या ओळीला हात लावायचा नाही हे टीममध्ये सगळ्यांना पाठ असतं. का लावायचा नाही, हे ज्याला ठाऊक होतं तो टोरांटोला स्थायिक झालेला असतो.

तेव्हा आमचे मॅनेजरसाहेब टेबलापाशी येऊन, "फ्रंटएंडचं ते वेबपॅक आपल्या मेव्हन बिल्डमध्ये बसवून टाका, एक प्लगिन तर घालायचंय," असं म्हणाले, त्यात मला बिचकण्यासारखं काही वाटलं नाही. प्लगिन म्हणजे पॉममध्ये आणखी चाळीसेक ओळी. बाराशेत चाळीस कुणाच्या लक्षात येतात?

गरज मात्र खरी होती. आमचं ॲप्लिकेशन म्हणजे स्प्रिंग बूटचा जुना देह आणि त्यावर रिॲक्टचा नवा चेहरा. देह बिल्ड सर्व्हरवर तयार व्हायचा, चेहरा तयार व्हायचा आमच्या फ्रंटएंडच्या चिरंजीवांच्या लॅपटॉपवर. ते तिथे वेबपॅक चालवायचे, निघालेल्या फायली झिप करायचे आणि चॅटवर टाकायचे. मी ती झिप उघडून स्टॅटिक फोल्डरमध्ये ओतायची. हे गणपतीपर्यंत सुरळीत चाललं. गणपतीला चिरंजीव लॅपटॉपसकट कणकवलीला गेले आणि त्यांच्याबरोबर कंपनीचा फ्रंटएंडही कणकवलीला गेला. इकडे क्लायंटला एका बटणाचा रंग बदलून हवा होता. त्यांच्या घरचा गणपती पाच दिवसांचा म्हणून निभावलं. एकवीस दिवसांचा असता तर ते बटण पितृपक्षात बदललं असतं.

आता हे वेबपॅक करतं काय, ते ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५च्या मे महिन्यात नेटस्केपसाठी दहा दिवसांत उभी केली. दहा दिवसांत जे जे राहून गेलं, त्यात मॉड्यूल हा प्रकार होता. एका फायलीने दुसरीला रीतसर हाक मारावी अशी सोयच भाषेत नव्हती. ती अधिकृतपणे यायला २०१५ उजाडलं. मधली वीस वर्षं लोकांनी पानावर स्क्रिप्टचे टॅग एकाखाली एक रचून काढली, आणि कुठला वर नि कुठला खाली यावरून माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. २००९मध्ये नोड आला आणि त्याने कॉमनजेएसची 'रिक्वायर' पद्धत उचलली, पण ती सर्व्हरवर. ब्राउझरला 'रिक्वायर'चा गंध नव्हता. मग तो असल्याचा आव आणून देणारे बंडलर निघाले. आधी ब्राउझरिफाय, आणि २०१२मध्ये टोबियास कोपर्स यांचं वेबपॅक. ते एका फायलीपासून सुरुवात करतं, ती कुणाकुणाला हाक मारते ते बघतं, मग ते कुणाला मारतात ते बघतं, आणि असा सगळा गोतावळा हुडकून शेवटी ब्राउझरला झेपतील अशा मोजक्या फायली बाहेर ठेवतं. या फायलींचे तुकडे करून लागेल तेवढाच भाग नंतर मागवायची जी करामत वेबपॅकने गाजवली, तिची प्रेरणा कोपर्स यांना गूगल वेब टूलकिटमधून मिळाली होती. ते टूलकिट जावाचं. फ्रंटएंडची मुलं आम्हाला 'लेगसी' म्हणतात तेव्हा मी हे हळूच पुढे सरकवते.

मेव्हनचा स्वभाव अगदी वेगळा. त्याच्या मुख्य लाइफसायकलमध्ये २३ टप्पे आहेत, 'व्हॅलिडेट'पासून 'डिप्लॉय'पर्यंत, आणि ते ठरल्या क्रमानेच होणार. 'पॅकेज' म्हटलं की त्याआधीचे सगळे टप्पे उरकूनच तो तिथे पोचतो. मध्ये कुणाला काही करायचं असेल तर त्याने एखाद्या टप्प्याला स्वतःला बांधून घ्यायचं. मेव्हनला क्रम कळतो आणि वेबपॅकला नाती कळतात. माझी भाबडी अपेक्षा अशी की प्लगिन या दोघांची नीट ओळख करून देईल. मेव्हनला जावास्क्रिप्टच्या फायली दिसू लागतील, आमच्या डिपेंडन्सींच्या यादीत हायबरनेटच्या शेजारी रिॲक्टही मांडी घालून बसेल, आणि सगळं कसं एका पंगतीत येईल.

आम्ही निवडलं ते 'फ्रंटएंड मेव्हन प्लगिन'. त्याने आल्या आल्या जे केलं ते पाहून मला आमच्या मावशीआजी आठवल्या. त्या सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात उतरायच्या तेव्हा वळकटी, धाबळी, तांब्याची कळशी, पितळी तपेली आणि स्वतःची शेगडी बरोबर आणायच्या. आमच्या स्वयंपाकघरात चांगला गॅस होता, आईने तो घासून लखलखीत ठेवलेला असायचा. मावशीआजी त्याच्याकडे ढुंकून बघायच्या नाहीत. न्हाणीघराशेजारचा एक कोपरा धरायच्या, तिथे शेगडी पेटवायच्या, स्वतः भरलेल्या पाण्यात स्वतःपुरता भात करायच्या, जेवायच्या आणि भांडी घासून वळकटीपाशी पालथी घालायच्या. आईचा दरवर्षी अपमान व्हायचा.

प्लगिन थेट त्याच वळणाचं. माझ्या मशीनवर नोड होता, चालता-बोलता होता. प्लगिन त्याला शिवलंसुद्धा नाही. पॉममध्ये लिहिलेल्या आवृत्तीचा नोड त्याने स्वतः नेटवरून उतरवला, प्रोजेक्टमध्ये 'नोड' नावाचं फोल्डर करून तिथे मांडला, त्यासोबतच्या एनपीएमकडून पॅकेजेस भरून घेतली आणि त्यावर वेबपॅक शिजवलं. माझा नोड ओवळा, चिरंजीवांचाही ओवळा. एकदा आणलेला नोड ते मेव्हनच्या लोकल रिपॉझिटरीत जपून ठेवतं, एवढी काटकसर मावशीआजींकडेही होती.

आणि हे सोवळं वेडेपणाचं नाही. दर माणसाच्या मशीनवर निराळ्या आवृत्तीचा नोड असतो, बिल्ड सर्व्हरवर तर बहुधा नसतोच. शिधा आणि शेगडी बरोबर असली की कुठल्याही गावी भात तोच होतो. ज्या जावावाल्याने जन्मात नोड बसवलेला नाही त्याचाही बिल्ड निर्वेध व्हावा, एवढीच या प्लगिनची प्रतिज्ञा आहे. फ्रंटएंडवाल्यांनी आपला नोड काढून टाकावा असं ते म्हणत नाही, आणि प्रॉडक्शन सर्व्हरला नोड पुरवायचा उद्योगही करत नाही. ऑफिसच्या प्रॉक्सीचा अडसर येईल म्हणून मी दबकून होते, पण मेव्हनच्या सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी लिहिलेला असला तर ते तो मुकाट्याने वापरतं. सोवळं पाळणारी माणसं कामापुरती व्यवहारी असतात.

पण मेव्हनशी ओळख करून देण्याचं काय? काही नाही! पॉममध्ये तीन कामं लिहायची: नोड आणि एनपीएम बसव, एनपीएम इन्स्टॉल कर, एनपीएम रन बिल्ड कर. प्लगिन ती ओळीने चालवतं आणि शेवटी कमांडने परत दिलेला आकडा बघतं. शून्य असला की सुखरूप, दुसरं काही आलं की बिल्ड पडला. आत वेबपॅकने किती फायली जोडल्या, कुणाला गाळलं, याची ते चौकशी करत नाही, आणि मेव्हनने विचारलं तरी त्याच्याकडे सांगायला काही नसतं.

चिरंजीवांनी हे वाचून नाक मुरडलं. "मॅडम, मग हे प्लगिन करतं काय? एवढं तर मी टर्मिनलमध्ये टाइप करतो."

"तू गणपतीला जातोस," मी म्हटलं.

पहिला बिल्ड झाला आणि स्क्रीनभर लाल अक्षरं उमटली. आमच्याकडच्या आवृत्तीला एक खोड होती. एनपीएम आपल्या कुरकुरी, म्हणजे 'हे पॅकेज आता जुनं झालं' छापाच्या सूचना, एरर आउटपुटवर लिहितो. प्लगिन तिथून आलेल्या प्रत्येक ओळीवर 'एरर' असा शिक्का मारून ती मेव्हनच्या लॉगमध्ये पाठवायचं. त्यामुळे एकाच ओळीत आधी 'एरर' आणि लगेच पुढे 'वॉर्न', अशा ओळींची चळत, आणि तिच्या तळाशी मेव्हनचं शांत 'बिल्ड सक्सेस'. साहेब नेमके मागे येऊन उभे.

"एवढे एरर?"

"ते एरर नाहीत, वॉर्निंग आहेत."

"पण एरर लिहिलंय."

"लिहिलंय तसं."

"मग खाली सक्सेस कसं?"

साहेबांनी त्यावर नियम केला की लॉगमध्ये एररची एकही ओळ असेल त्या दिवशी रिलीज करायचा नाही. रिलीज थांबले. मग नियम असा बदलला की एररच्या ओळी नेहमीपेक्षा जास्त असतील तर थांबायचं. नेहमीच्या किती, हे ठरवायला मीटिंग लागली. शेवटी एका शहाण्याने लॉगमधून त्या ओळी गाळणारी स्क्रिप्ट लिहिली आणि साहेबांनी त्याला महिन्याचं बक्षीस दिलं.

यापेक्षा रंगतदार प्रकरण झालं ते शेजारच्या टीमकडे. त्यांनी आमची पॉम नेली आणि तिच्यात सुधारणा केल्या. वेबपॅकचा माल कुठे टाकायचा, तर सोर्समधल्या रिसोर्सेसच्या स्टॅटिक फोल्डरमध्ये, कारण तिथे तो डोळ्यांना दिसतो. आणि वेबपॅक केव्हा चालवायचं, तर 'प्रिपेअर-पॅकेज' या टप्प्याला, कारण नाव किती चपखल! दोन्ही निर्णय वेगवेगळे पाहिले तर निरुपद्रवी वाटतात. पण मेव्हन रिसोर्सेसच्या फायली उचलून टार्गेटमध्ये नेतो तो 'प्रोसेस-रिसोर्सेस' या टप्प्याला, आणि तो टप्पा 'प्रिपेअर-पॅकेज'च्या कितीतरी आधी येतो. म्हणजे वेबपॅक ताजा माल घेऊन फोल्डरपाशी पोचायचं तेव्हा मेव्हन तिथून मागच्या खेपेचा माल घेऊन केव्हाच निघून गेलेला असायचा. जारमध्ये कायम एक बिल्ड शिळा बंडल.

याचा परिणाम असा की बटण हिरवं करून बिल्ड करावा तर बटण निळंच. हताश होऊन काहीही न बदलता पुन्हा बिल्ड करावा तर हिरवं. कुणी म्हणालं ब्राउझरचा कॅश. कॅश साफ करण्याचा सप्ताह पाळून झाला. कुणी म्हणालं अँटिव्हायरस. पण माणूस कारणापेक्षा उपाय लवकर शोधतो. त्या टीममध्ये बिल्ड दोनदा चालवायची प्रथा पडली. पुढे ती नवीन भरती झालेल्यांच्या माहितीपत्रकात गेली: 'मेव्हन पॅकेज (दोन वेळा)'. का, असं एकाही नव्या मुलाने विचारलं नाही. आपल्याकडे दोन वेळा म्हटल्यावर कुणी विचारत नाही.

खरा तमाशा बिल्ड सर्व्हरवर. तिथे दर वेळी कोड नव्याने उतरतो आणि मागच्या खेपेचा बंडल नसतोच, कारण तो गिटमध्ये नाही. म्हणजे शिळंसुद्धा काही नाही. जार बांधला जायचा, ॲप्लिकेशन उठायचं, लॉगिनचं पान पांढरंफटक. सगळ्यांच्या लॅपटॉपवर चालतं आणि सर्व्हरवर चालत नाही, यावरून सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला इतकं बोलून घेतलं गेलं की त्याने मेमरी दुप्पट केली. पान पांढरंच राहिलं, फक्त लवकर पांढरं होऊ लागलं. शेवटी पॉम माझ्यापुढे आली. मी टप्प्याचं नाव लिहिलेली ती एक ओळ खोडली. ती नसली की प्लगिन आपणहून 'जनरेट-रिसोर्सेस'ला चालतं, आणि तो टप्पा 'प्रोसेस-रिसोर्सेस'च्या आधीचा आहे. शिवाय वेबपॅकचा माल सरळ टार्गेटमध्ये टाकायला लावला, म्हणजे 'क्लीन' म्हटलं की जुनं पुसलं जातं. ती टीम अजूनही बिल्ड दोनदा चालवते. "असू द्या मॅडम, सवय झालीय."

आमच्याही घरात सगळं गोड नव्हतं. जावाची एक ओळ बदलली तरी प्लगिन आधी एनपीएम इन्स्टॉलला बसतं, मग वेबपॅकला. बॅकएंडच्या मुलांना लवकरच शोध लागला की 'स्किप डॉट एनपीएम' नावाचा एक पर्याय दिला की ते गप्प बसतं. हा शोध आगीसारखा पसरला. 'क्लीन' करून आणि एनपीएमला वगळून बांधलेला जार हा बिनचेहऱ्याचा असतो, हे मात्र क्लायंटच्या डेमोलाच कळलं.

सोवळ्याचं खरं चीज झालं ते पुढे. ऑक्टोबर २०२१मध्ये नोड १७ आला, ओपनएसएसएल ३ बरोबर घेऊन. चिरंजीवांनी त्याच संध्याकाळी आपल्या लॅपटॉपवर तो चढवला, कारण नवं आहे आणि फुकट आहे. सकाळी वेबपॅक चालवलं तर 'एरर ०३०८०१०सी, डिजिटल एन्व्हलप रूटीन्स, अनसपोर्टेड'. हा संदेश वाचून पोस्टात जाऊन चौकशी करावीशी वाटते. आमचं वेबपॅक होतं चौथ्या आवृत्तीचं. ते फायलींचे हॅश काढायला एमडी४ वापरायचं. एमडी४ हा रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी १९९०मध्ये काढलेला अल्गोरिदम, सुरक्षेच्या कामातून कधीच बाद झालेला. वेबपॅकला त्यातून काही लपवायचं नव्हतं, बदललेली फाइल ओळखण्यापुरती झटपट खूण हवी होती. पण ओपनएसएसएल ३ने एमडी४ला अडगळीत टाकलं आणि खुणेचा धंदा बसला. जगभरच्या लोकांनी मग 'ओपनएसएसएल लेगसी प्रोव्हायडर' हा पर्याय नोडला चिकटवून वेळ मारून नेली.

मी मात्र चिरंजीवांच्याच लॅपटॉपवर मेव्हन चालवलं. बिल्ड सक्सेस. प्लगिनने पॉममध्ये लिहिलेला आपला जुना नोड बाहेर काढला होता, लॅपटॉपवर काय चढलंय याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं.

"मॅडम, वेबपॅकमधून होत नाही आणि मेव्हनमधून होतं?"

"हो."

त्यानंतर काही दिवस आमच्या ऑफिसात फ्रंटएंडचा मुलगा मुकाट्याने मेव्हनची कमांड टाइप करत होता. मी त्याचा फोटो काढून ठेवला आहे. नोडच्या त्या पर्यायाच्या नावातच 'लेगसी' आहे, हेही त्याच्या नजरेस आणून दिलं.

प्लगिनने बंडलरला फार जवळ घेतलं की काय होतं, याचा धडा याआधी गल्पवाल्यांनी गिरवला आहे. २०१३मध्ये आलेलं गल्प म्हणजे फायली नळातून वाहत नेणारं बिल्ड टूल. त्यात ब्राउझरिफाय बसवायला 'गल्प-ब्राउझरिफाय' नावाचं प्लगिन निघालं. त्याने ब्राउझरिफायला पूर्ण पोटात घेतलं, त्याचे पर्याय स्वतःच्या नावाने मांडले. गल्पच्याच मंडळींनी पुढे ते प्लगिन काळ्या यादीत घालून वाळीत टाकलं आणि सांगितलं की ब्राउझरिफाय थेट वापरा. मूळ बंडलर नवं काही शिकला की मधल्याला मागोमाग धावावं लागतं, आणि तोवर तिसऱ्याचंच डोकं फिरतं. थेट वापरायला लोकांना 'विनाइल-सोर्स-स्ट्रीम' आणि 'विनाइल-बफर' असे दोन अडॅप्टर मध्ये जोडावे लागले, कारण ब्राउझरिफायच्या नळातून नुसता मजकूर येतो आणि गल्पला नाव-गावासकट फाइल लागते. तरीही लोकांनी तेच पत्करलं.

आमच्या प्लगिनमध्येही वेबपॅकसाठी वेगळा 'गोल', म्हणजे थेट वेबपॅकच चालवणारं काम, आहे. मी तो वापरत नाही. वेबपॅकने चौथ्या आवृत्तीत आपली कमांड लाइन वेगळ्या पॅकेजात काढली, आणि ते पॅकेज नसलं तर वेबपॅक प्रेमाने विचारायचं, 'बसवू का? यस की नो?' रात्री दोन वाजता बिल्ड सर्व्हरवर यस कोण म्हणणार? एनपीएम रन बिल्ड म्हटलं की ही सगळी भानगड पॅकेज डॉट जेसनमध्ये राहते, फ्रंटएंडवाल्यांच्या अंगणात, आणि ते जी कमांड चालवतात तीच मेव्हनही चालवतो. प्लगिनला जितकं कमी कळेल तितकं ते जास्त टिकतं, असं माझं मत झालं आहे. साहेबांना ते पटलं नाही. त्यांना सध्या वेबपॅक काढून व्हीट बसवायचंय. बसवा म्हटलं. पॉममधली नोडच्या आवृत्तीची ओळ सोडली तर काही बदलावं लागणार नाही.

तुमच्याही कपाळी हे काम आलं तर एवढं करा. गिटइग्नोरमध्ये 'नोड' आणि 'नोड मॉड्यूल्स' ही दोन्ही फोल्डरं घाला. पॅकेज-लॉक फाइल मात्र कमिट करा. आणि पॉममध्ये 'एनपीएम इन्स्टॉल'च्या जागी 'एनपीएम सीआय' लिहा. लॉक फाइलमध्ये आहे तेच आणि तेवढंच ते आणतं. २०१८पासून ते एनपीएममध्ये आहे, तेव्हा न वापरायला सबब उरलेली नाही.